गरवायचं सामान गळाच्या टोकापासून निवडा

गरवायला, म्हणजे गळानं मासे धरायला, निघालेला नवखा माणूस दुकानात शिरला की आधी काठीला हात घालतो. मग रीळ, आणि उरलेल्या पैशांत तंगुसाचं, म्हणजे गरवायच्या दोरीचं, एक बंडल आणि गळांचं मिळेल ते पाकीट. हा क्रम उलटा हवा. मासा काठीला लागत नाही, गळाला लागतो. कुठे गरवणार, तिथे कोणता मासा फिरतो आणि त्याचं तोंड केवढं, यावरून गळ ठरतो. गळावरून तंगूस, पाण्याच्या ओढीवरून दोरी तळाशी धरणारं शिसं, आणि या सगळ्याचं वजन कोण फेकणार यावरून काठी. या क्रमानं गेलात तर कमी पैशांत बरं सामान येतं आणि पहिल्याच महिन्यात ते अडगळीत जात नाही.

इथे लिहितोय ते कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून गरवणाऱ्यांसाठी: खाडी, जेटी, कातळ. होडीतून खोल पाण्यात जायचं सामान वेगळं, त्याबद्दल इथे नाही.

गळाच्या नंबरांचा घोळ आधी मिटवू. 10, 8, 6, 4, 2, 1 असा नंबर उतरत जातो तसा गळ मोठा होतो. 1 नंतर 1/0, 2/0, 3/0 सुरू होतात आणि इथून पुढे नंबर वाढेल तसा गळ मोठा. दहा नंबरचा गळ नखाएवढा, तर 5/0 बोटभर. काळुंदराचं तोंड लहान असतं, त्याला 8 किंवा 10 नंबर. ढोमा, लहान शेंगटी यांना 4 ते 1. तांबोशी आणि हेकरूला 1/0 ते 3/0, मोठ्या जिताड्याच्या आशेनं बसणार असाल तर 4/0 किंवा 5/0. शंका आली तर लहान गळाकडे झुका. लहान गळाला मोठा मासा लागू शकतो, पण मोठा गळ लहान तोंडात शिरतच नाही, फक्त आमिष कुरतडलं जातं. नवख्यांची बहुतेक कोळंबी अशीच फुकट जाते.

आकारात दोनच प्रकार घ्या: साधा ‘जे’ गळ आणि टोक आत वळलेला सर्कल गळ. शेंगटी, हेकरू हे मासे आमिष थेट गिळतात. साधा गळ मग घशात रुततो, काढताना मासा मरतो आणि तुमचा अर्धा तास जातो. सर्कल गळ घशातून सरकत येतो आणि तोंडाच्या कोपऱ्यात अडकतो. पण त्याला झटका द्यायचा नाही. ओढ लागली की काठी स्थिर ठेवून फक्त रीळ फिरवत राहायचं. झटका दिलात तर गळ तोंडातून रिकामा निघून येतो, आणि मग लोक म्हणतात की सर्कल गळ काही कामाचा नाही.

नवा गळसुद्धा धारदार असेलच असं नाही. अंगठ्याच्या नखावर गळाचं टोक अलगद टेकवा आणि किंचित ओढा. टोक जागीच रुतलं तर ठीक. नखावरून घसरत पुढे गेलं तर बोथट. बारीक कानशीनं बुडाकडून टोकाच्या दिशेनं तीन-चार हात मारले की धार येते. प्रत्येक वेळी गळ कातळाला घासून वर आला की ही परीक्षा पुन्हा करा. पाच सेकंदांचं काम आहे. टोक वाकलं असेल तर सरळ करत बसू नका, टाकून द्या. वाकवून सरळ केलेली तार तिथेच मोडते. आणि पक्कडीनं गळाचा उलटा काटा दाबून टाकायची सवय लावून घ्या. दोरी ताणलेली ठेवलीत तर मासा सुटत नाही, आणि स्वतःच्या बोटात गळ घुसलाच तर तो आल्या वाटेनं निघतो.

आता तंगूस. साधा नायलॉनचा तंगूस आणि विणलेली ब्रेड यांत नवख्यानं काय घ्यावं? माझं मत ठाम आहे: पहिलं वर्ष साधा तंगूस. 0.35 मिलिमीटर जाडीचा, सुमारे 15 पौंड म्हणजे 6.8 किलो ताकदीचा, दीडशे मीटर. तो ताणला जातो, त्यामुळे तुमच्या हाताच्या चुका पोटात घालतो. गाठ सोपी बसते, गुंता झाला तर सोडवता येतो. ब्रेड त्याच ताकदीला बरीच बारीक असते, लांब जाते, माशानं नुसतं हुंगलं तरी हाताला कळतं. पण ती ताणली जात नाही, कालवांच्या धारेवर पहिल्याच घर्षणात तुटते, आणि तिचा गुंता म्हणजे कात्री. ब्रेड घ्यायचीच असेल तर स्पूलवर, म्हणजे रिळाच्या ज्या भागावर दोरी गुंडाळतात त्यावर, आधी आठ-दहा मीटर साधा तंगूस भरा, नाहीतर अख्खी ब्रेड स्पूलवर गोल गोल घसरत राहते आणि मासा लागला की रीळ फिरवूनही दोरी येत नाही. पुढच्या टोकाला 30 ते 40 पौंडाचा मीटर-दीड मीटर जाड तंगूस, म्हणजे लीडर, जोडावाच लागतो.

स्पूल किती भरायचा, यात बहुतेकांचं चुकतं. ओठापासून 2 ते 3 मिलिमीटर खाली थांबा. काठोकाठ भरलात तर फेकताना वेटोळी एकदम सुटतात आणि काठीच्या पहिल्या कडीपाशी गुंत्याचं पक्ष्याचं घरटं होतं. कमी भरलात तर दोरी स्पूलच्या ओठावर घासत जाते आणि फेक आखूड पडते. भरताना नवं बंडल जमिनीवर आडवं ठेवा, लेबल वर. ओल्या फडक्यात दोरी धरून ताण देत दहा-पंधरा वेढे घ्या, मग थांबून दोरी सैल सोडा. ती स्वतःभोवती पिळायला लागली तर बंडल उलटं करा. हा पीळ आत राहिला तर पुढे प्रत्येक फेकीला त्रास देतो.

शिसं किती ग्रॅमचं, हे पाण्याची ओढ ठरवते, आणि ओढ तिथी ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची साधारण वेळ निघते, हा जुना हिशेब आजही मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला बऱ्यापैकी लागू पडतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या. अष्टमी-नवमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी मंद असतं, 20 ते 30 ग्रॅम पुरतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीच्या तोंडावर 50-60 ग्रॅमही टिकत नाही. वाळूवर पिरॅमिडसारखं टोकदार शिसं रुतून बसतं. कातळावर ते कपारीत अडकतं, तिथे गोल किंवा बदामी घ्या.

मांडणी एकच शिका आणि ती नीट बसवा. मुख्य दोरीत शिसं ओवा, ते मोकळं सरकलं पाहिजे. त्याच्यामागे एक प्लॅस्टिकचा मणी, म्हणजे शिसं गाठीवर आपटणार नाही. मग स्विव्हल, म्हणजे दोन्ही टोकांना गरगर फिरणाऱ्या कड्या असलेला छोटा जोड, बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या कडीला 45 ते 60 सेंटिमीटर लीडर आणि त्याला गळ. मासा आमिष घेऊन सरकला की दोरी शिशातून आरपार जाते, त्याला वजन जाणवत नाही आणि तो सोडत नाही. कातळावर गरवताना लीडर 30 सेंटिमीटरवर आणा. शिवाय शिसं थेट दोरीत न ओवता, एका सुट्या स्विव्हलला वीतभर कमजोर तंगूस, सहा-आठ पौंडाचा, बांधून त्याच्या टोकाला लावा आणि ते स्विव्हल मुख्य दोरीवर सरकतं ठेवा. शिसं अडकलं तर तेवढाच तुकडा तुटतो, गळ आणि मासा परत येतात. कोळंबी गळावर सरळ ओवा, वाकडी नको. वाकडी कोळंबी ओढीत पंख्यासारखी फिरते आणि लीडरला पीळ घालते. गळाचं टोक कोळंबीतून किंचित बाहेर दिसलं पाहिजे.

गाठी सुद्धा डझनभर शिकू नका. युनी गाठ एकच घ्या, ती गळाला चालते, स्विव्हलला चालते, दोन दोऱ्या जोडायलाही चालते. नेढ्यातून तंगूस ओवून वीतभर टोक बाहेर काढा. ते टोक मुख्य दोरीला समांतर धरा, मग मागे वळवून एक वेटोळं करा. आता टोक त्या वेटोळ्याच्या आतून, दोन्ही दोऱ्यांना मिळून पाच-सहा वेढे द्या. टोक हलकेच ओढा म्हणजे वेढे एकमेकांशेजारी बसतील. इथे थांबा आणि गाठ थुंकीनं किंवा पाण्यानं ओली करा. हे राहिलं तर गाठ आवळताना घर्षणाची उष्णता तंगुसाला कमजोर करते, आणि मोठा मासा लागला की नेमकी गाठच सुटते. ओली केल्यावर मुख्य दोरी ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा, टोक तीन मिलिमीटर ठेवून नेलकटरनं कापा. टोकाशी दोरी कुरळी होऊन वर आली असेल, डुकराच्या शेपटीसारखी, तर गाठ कोरडी आवळली गेली. कापा, पुन्हा बांधा. ब्रेडला लीडर जोडताना दोन युनी गाठी समोरासमोर: ब्रेडचे आठ वेढे, जाड तंगुसाचे चार.

आता कुठे काठीचा विचार करायचा. 40 ग्रॅम शिसं, वर 15 ग्रॅमची कोळंबी, म्हणजे 55 ग्रॅम फेकायचं आहे. काठीच्या बुडाशी छापलेलं असतं ती किती ग्रॅम फेकते. 20 ते 60 लिहिलेली, आठ फुटांची काठी खाडी आणि जेटी दोन्हीला पुरते. फक्त शांत खाडीत काळुंदर, ढोमा गरवणार असाल तर सात फूट, 10 ते 30 ग्रॅम. या मर्यादेपेक्षा जड वजन जोर लावून फेकलं की काठी फेकीतच मोडते, मासा लागायची वाट बघत नाही. पहिली काठी फायबर ग्लासची किंवा फायबर-कार्बन मिश्र घ्या. नुसत्या कार्बनची काठी हलकी आणि तरतरीत असते, पण कातळावर आपटली की तिच्यावर न दिसणारा ओरखडा पडतो आणि तीन आठवड्यांनी तिथूनच ती तुटते. दुमडून खिशाएवढी होणारी टेलिस्कोपिक काठी टाळा. तिच्या सांध्यांत वाळू गेली की ती ना उघडते, ना मिटते. दोन तुकड्यांची बरी.

दुकानात काठी जोडून एका डोळ्यानं बुडाकडून टोकाकडे पाहा, सगळ्या कड्या एका रेषेत आहेत का. मग कान साफ करायची कापसाची काडी प्रत्येक कडीच्या आतून फिरवा. कापसाचा एकही धागा अडकला तर त्या कडीच्या सिरॅमिकला तडा आहे. हा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण तंगूस रोज थोडा थोडा कापतो.

रिळात 3000 किंवा 4000 साइझचं स्पिनिंग रीळ घ्या. डब्यावर बेअरिंग किती लिहिलेत त्याला भुलू नका. चार चांगले बेअरिंग हे बारा फालतू बेअरिंगपेक्षा बरे. बघायचं ते ड्रॅग, म्हणजे मासा ओढायला लागला की किती ताणाला दोरी सुटेल हे ठरवणारा रिळाचा ब्रेक. तो अर्धा आवळा, दोरी हातानं हळूहळू ओढा. ती लोण्यासारखी सुटली पाहिजे. थोडी अडून मग एकदम सुटत असेल तर ते रीळ ठेवून द्या, कारण त्या पहिल्या अडण्यातच तंगूस तुटतो.

ड्रॅग किती आवळायचा? दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. 6.8 किलोच्या तंगुसाला साधारण दोन किलो. याला वजनकाटा नको. दोन लिटरची पाण्याची बाटली भरा, दोरीला बांधा, रीळ उंच धरून बाटली थेट स्पूलवरून लोंबू द्या. बाटली सावकाश, न अडखळता खाली सरकायला लागेल तिथे ड्रॅग ठेवा. मासा लागल्यावर घाबरून तो आवळू नका. काठी वाकलेली असताना कड्यांचं घर्षण आधीच ताण वाढवतं.

फेकल्यावर रिळावरची, दोरी स्पूलवर वळवणारी तारेची कमान हातानं मिटवा, हँडल फिरवून नको. हातानं मिटवून दोरी चिमटीत एकदा ताणा, मगच रीळ फिरवा. हँडलनं मिटवलं की स्पूलवर एक सैल वेटोळं राहतं आणि पुढच्या फेकीला तेच गुंता बनून बाहेर येतं.

काठ्या मोडतात त्या माशानं क्वचितच. गाडीच्या दारात, छताच्या पंख्यात, आणि अडकलेला गळ काठीनं उपटताना मोडतात. गळ अडकला तर काठी सरळ त्या दिशेनं रोखा, स्पूल हातानं दाबा आणि मागे चालत जा. ब्रेड असेल तर लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून ओढा, उघड्या हाताला ती सुरीसारखी कापते. मासा जवळ आल्यावर काठी डोक्यामागे नेऊन त्याला उचलू नका, त्या कोनात सगळा भार शेंड्यावर येतो. जाळीचा आधार घ्या. आणि विजा चमकायला लागल्या तर काठी खाली ठेवून लांब जा. कार्बन वीज वाहून नेतो. मे महिन्याच्या संध्याकाळी आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात हे विसरू नका. विजेच्या तारांखालीही काठी उभी धरू नये.

खाऱ्या पाण्यातून घरी आलात की चहाआधी सामान. पाणी वाळतं, मीठ उरतं, आणि ते मीठ हवेतली ओल ओढून घेत धातू खात राहतं. सगळ्यात आधी मरतो तो कमानीच्या टोकावरचा छोटा रोलर, ज्यावरून दोरी वळते. तो फिरायचा थांबला की दोरी त्याच्यावर घासून झिजते, आणि माणूस तंगुसाला दोष देत बसतो.

धुण्याआधी ड्रॅग पूर्ण आवळा, म्हणजे पाणी चकत्यांपर्यंत जाणार नाही. मग गोड्या पाण्याची हलकी धार, झारीतून पडते तेवढीच, रोलरवर, कमानीच्या सांध्यावर, हँडलच्या मुठीवर. नळाचा जोराचा फवारा मारू नका, तो मीठ आत ढकलतो. बादलीत बुडवून ठेवणं तर त्याहून वाईट. झटकून मऊ फडक्यानं पुसा, सावलीत वाळवा, आणि वाळल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करा. आवळलेला ठेवला तर आतल्या चकत्या दबून राहतात आणि पुढच्या वेळी ड्रॅग अडखळतो. ही धुताना आवळा, ठेवताना सैल करा अशी जोडी आहे, उलटं करू नका. काठीच्या कड्यांच्या पायापाशी जुन्या टूथब्रशनं घासा, तिथेच हिरवट थर धरतो.

रोलर, कमानीचे सांधे आणि हँडलच्या मुठीला दोन-तीन फेऱ्यांनंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. एकच. स्पूल काढून मधला दांडा पुसा, त्यालाही एक थेंब. आतल्या दात्यांना तेल नव्हे, ग्रीस लागतं, आणि ते वर्षातून एकदा. गंज सोडवायचा फवारा रिळात मारायची पद्धत दिसते, ती घातक आहे. तो आतलं ग्रीस विरघळवतो. हँडल फिरवताना करकर आली तर लगेच थांबा, वाळूचा कण आत गेला आहे. फिरवत राहिलात तर तो दाते खातो. रीळ वाळूवर टेकवूच नका, काठी उभी करायला पीव्हीसी पाइपचा दीड-दोन फुटी तुकडा वाळूत ठोका.

वापरलेला गळ ओलाच डब्यात टाकू नका. एक गंजका गळ आठवड्यात सगळा डबा लाल करतो. त्यांच्यासाठी वेगळी डबी ठेवा, घरी धुवून वाळवून मग परत. तंगुसाचं पुढचं दोन मीटर बोटांच्या चिमटीतून सरकवा, खरखर लागली की कापून नव्यानं बांधा. उन्हात, गाडीच्या तापलेल्या डिकीत तंगूस कडक होतो. तसाही वर्षाला बदला. कापलेला तंगूस किनाऱ्यावर टाकू नका. बगळ्यांच्या, कावळ्यांच्या पायात तो अडकतो आणि पाय तोडतो. बोटभर तुकडे करून घरी न्या. शिशाचे मणी दातांनी दाबायची सवयही सोडा, पक्कड त्यासाठीच आहे. ती शेंगटी लागल्यावरही लागते, कारण तिच्या पाठीवरचा एक आणि दोन्ही बाजूंचे दोन काटे विषारी असतात.

धरणावर चिलापी गरवणार असाल तर 8-10 नंबरचा गळ, फ्लोट आणि गांडूळ एवढं पुरे. फक्त बऱ्याच धरणांत मासेमारीचा ठेका सहकारी संस्थांकडे असतो, आधी विचारून घ्या.

जूनला सामान आवरताना काठीचे दोन तुकडे वेगळे करा आणि कापडी पिशवीतून बाहेर, आडवे ठेवा. पिशवी ओल धरते आणि कॉर्कच्या मुठीवर बुरशी येते. रिळाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, ड्रॅग सैल आहे ना ते पाहा. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा बाहेर काढाल तेव्हा जोडाच्या नर भागावर मेणबत्ती हलकी फिरवा, पुढचा दहा मीटर तंगूस काढून टाका, सगळ्या गाठी नव्यानं बांधा, आणि दोन लिटरची बाटली पुन्हा भरा.